लिस्बन : रात्र, ताट आणि साडेचारशे वर्षं

शुक्रवारी रात्री अकरा वाजून गेले की लिस्बनच्या बायरू आल्तू या वस्तीत बार कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. बार इतके लहान की आत एक काउंटर आणि दोन-चार स्टुलं मावतात. गिऱ्हाईक पेला घेतं आणि गल्लीत येऊन उभं राहतं. गल्ल्या सोळाव्या शतकात आखलेल्या, रुंदीला बेताच्या, त्यामुळे थोडी माणसं जमली तरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गर्दी होते. ही गर्दी वर चढते ती खालच्या एका चौकातून. चौकात उंच चौथऱ्यावर एका कवीचा पुतळा आहे. रात्री बाहेर पडणारी मंडळी एकमेकांना भेटतात ती याच पुतळ्याखाली.

कवीचं नाव लुईश द कामोंइश. १५५३ मध्ये तो शिपाईगिरी करायला गोव्यात उतरला, पूर्वेकडच्या वसाहतींत पुष्कळ वर्षं राहिला. वास्को द गामाच्या सफरीवर त्याने रचलेलं महाकाव्य १५७२ मध्ये लिस्बनला छापलं गेलं. पोर्तुगीज साहित्यात त्याच्या वरचं स्थान कुणाला नाही.

पॅरिस, प्राग किंवा व्हिएन्नाला गेलो की आपण निव्वळ पाहुणे असतो. तिथल्या राजांच्या भानगडींशी आपलं देणंघेणं नसतं. लिस्बनचं तसं नाही. वसईचा किल्ला, चौल, रेवदंडा, गोवा यांचे हुकूम कधीकाळी याच शहरातून सुटत. १६६१ च्या तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली ती ब्रागांझा घराण्याच्या कॅथरिनच्या लग्नात, आणि ही कॅथरिन विधवा झाल्यावर माहेरी परतली व १७०५ मध्ये लिस्बनलाच वारली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तो घाव इथल्या दरबाराला बसला. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत जे घडलं त्याची कागदपत्रं आजही लिस्बनच्या दफ्तरखान्यांत आहेत. म्हणून या शहराची मौज घेताना हा इतिहास खिशात ठेवून फिरावं असं मला मनापासून वाटतं. त्याने मौज कमी होत नाही. ताटातला पदार्थ, रात्रीचं गाणं आणि पायाखालचा रस्ता यांचा अर्थ त्याने लागतो.

बेलें : गेंडा आणि दालचिनी

लिस्बन समुद्रावर नाही, तेजू नदीच्या मुखावर आहे. पण नदी इथे इतकी रुंद होते की नवख्याला ती खाडीच वाटावी. शहराच्या पश्चिमेला बेलें हा भाग. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबतं इथून निघाली आणि मे १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागली. त्या एका वाटेमुळे मिऱ्याचा व्यापार लिस्बनच्या हाती आला. त्या व्यापारावर साधारण पाच टक्क्यांचा कर बसवून राजा मानुएलने जेरोनिमोस मठ बांधायला घेतला. मठाच्या दगडी खांबांवर दोरखंड, गाठी, पोवळी आणि समुद्री वनस्पती कोरलेल्या आहेत. पोर्तुगालबाहेर अशी शैली क्वचितच दिसते. आत शिरताच वास्को द गामाची समाधी आणि तिच्यासमोर कामोंइशची. वास्को १५२४ मध्ये कोचीनला वारला होता. त्याच्या अस्थी आधी मायदेशी आणल्या आणि पुढे १८८० मध्ये इथे ठेवल्या. समाधीवरचं कोरीवकाम देखणं आहे. पण याच माणसाने १५०२ मध्ये हजहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं, हेही तिथे उभं राहताना आठवावं.

मठापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर नदीकाठी बेलेंचा बुरूज आहे. बहुतेक पर्यटक त्याचा फोटो काढतात आणि निघतात. त्याच्या पश्चिम बाजूला जाऊन कोपऱ्यातल्या टेहळणी बुरजाच्या खाली पाहावं. तिथे दगडात कोरलेलं एक जनावराचं डोकं आहे. पाण्यावाऱ्याने झिजलं आहे, शिंग जवळजवळ गेलं आहे, पण निरखून पाहिलं की कळतं, हा गेंडा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला होता. गोव्याहून जहाजात चढवलेला हा गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला जिवंत पोचला. रोमन काळानंतर युरोपने गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती लढण्याआधीच पळाला. पुढे राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडांनी बांधलेला गेंडा त्याच्यासोबत गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहता, केवळ लेखी वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याचं चित्र काढलं आणि ते जगभर पसरलं. बुरजाचं बांधकाम त्या सुमारास चालू होतं. कारागिरांनी आपल्याकडून गेलेल्या त्या मुक्या जनावराला भिंतीत जागा दिली.

बेलेंला येऊन पाश्तेल न खाता जाऊ नये. पापुद्र्यांची छोटी वाटी, आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं आणि दुधाचं घट्ट कस्टर्ड, वर भट्टीच्या आचेने पडलेले काळे डाग. मठांत आणि कॉन्व्हेंटांत कपड्यांना खळ द्यायला अंड्यातला पांढरा भाग लागायचा. उरलेल्या बलकातून पोर्तुगालची निम्मी मिठाई जन्माला आली असं सांगतात. १८३४ मध्ये सरकारने मठ बंद केले. जेरोनिमोस मठाची कृती शेजारच्या एका दुकानाकडे गेली आणि १८३७ पासून ते दुकान त्याच जागी पाश्तेल विकतं आहे. कृती मोजक्या माणसांनाच ठाऊक असते. पाश्तेल गरम असतानाच खायचं. त्यावर टेबलावरची दालचिनीची पूड भुरभुरवायची. बशीतल्या त्या चिमूटभर दालचिनीसाठी पोर्तुगीजांनी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर दीडशे वर्षं लढाया केल्या.

१ नोव्हेंबर १७५५

शहराच्या मधोमध बाइशा हा सखल भाग आहे. इथले रस्ते सरळ, काटकोनात छेदणारे, इमारती एका उंचीच्या. जुन्या युरोपीय शहराच्या गाभ्यात अशी आखणी पाहून आश्चर्य वाटतं. कारण मूळ गाभा एका सकाळी नाहीसा झाला.

१७५५ च्या १ नोव्हेंबरला ख्रिस्ती संतांचा सण होता. लोक चर्चमध्ये होते, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. पावणेदहाच्या सुमारास जमीन हादरली आणि कित्येक मिनिटं हादरत राहिली. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले. तिथे पाणी मागे हटलेलं दिसलं, आणि मग त्सुनामीच्या लाटा शहरात शिरल्या. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेल्या आगी पाच-सहा दिवस धुमसत होत्या. नदीकाठचा राजवाडा, त्यातलं ग्रंथालय, त्याच वर्षी सुरू झालेलं भव्य ऑपेरागृह, सगळं गेलं. हजारो माणसं मेली. धर्मनिष्ठ शहर, तेही सणाच्या दिवशी, का उद्ध्वस्त व्हावं, या प्रश्नाने सारा युरोप अस्वस्थ झाला. व्होल्तेर आणि कांट या दोघांनीही त्यावर लिहिलं.

राजाने इतकी धास्ती घेतली की पुढचं आयुष्य त्याने दगडी छपराखाली काढलं नाही. आजूदाच्या टेकडीवर लाकडी वाडा बांधून तो राहिला. शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने. हाच पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेला. त्याने प्रेतांची विल्हेवाट लावली, धान्याचे भाव बांधून दिले, लुटारूंना फासावर दिलं. आणि मग एक अपूर्व गोष्ट केली. देशातल्या प्रत्येक पॅरिशला प्रश्नावली धाडली. हादरे किती वेळ बसले? नंतर किती बसले? समुद्र आधी वर आला की मागे गेला? जमिनीला भेगा पडल्या का? माणसं किती दगावली? आलेली उत्तरं आजही राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. भूकंपाकडे दैवी कोप म्हणून न पाहता मोजता येणारी घटना म्हणून पाहण्याची ही मोठी सुरुवात होती.

नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरा घालण्यात आला. उभे, आडवे आणि तिरपे वासे एकमेकांत खाचा पाडून बसवायचे आणि मधल्या जागेत दगडविटा भरायच्या. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचा लाकडी सांगाडा ज्याने पाहिला असेल त्याला ही युक्ती लगेच कळेल. जमीन हलली की लाकूड वाकतं, चुना-विटा निखळल्या तरी घर उभं राहतं. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली गेली असं सांगतात.

बाइशातल्या एका बँकेच्या इमारतीखाली हे सारं बघायला मिळतं. तळघरात उतरलं की दलदलीत ठोकलेले पाइनचे खुंट दिसतात. सबंध बाइशा त्यांच्या आधारावर उभी आहे. त्याहून खाली रोमन काळातले दगडी हौद आहेत. त्यांत मासे मिठात मुरवत असत. म्हणजे भूकंपाच्या आधी कितीतरी शतकं हे शहर खारवलेला मासा विकत होतं.

बाइशाच्या वरच्या अंगाला कार्मोचा मठ आहे. त्याचं छप्पर भूकंपात कोसळलं. ते पुढे कधी पुरं झालं नाही. कमानी तेवढ्या आकाशाखाली उभ्या आहेत.

खारवलेला मासा आणि समोशाचा प्रवास

रुआ दु आर्सेनाल या रस्त्याला सुक्या मासळीची दुकानं नाकाने सापडतात. पुठ्ठ्यासारखे कडक, मिठाने पांढरे पडलेले, हातभर लांबीचे त्रिकोणी तुकडे एकावर एक रचलेले असतात. हा बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड. कोकणच्या माणसाला या वासाचं अप्रूप वाटणार नाही. अप्रूप आहे ते दुसऱ्या गोष्टीचं. कॉड पोर्तुगालच्या पाण्यात मिळतच नाही. तो उत्तर अटलांटिकच्या थंड समुद्रातला. पोर्तुगीज दर्यावर्दी त्याच्या मागे न्यूफाउंडलंडपर्यंत गेले आणि विसाव्या शतकातही एकेक माणूस एकेका होडक्यात बसून तिथे गळ टाकत होता. आज माल बहुतांशी नॉर्वे आणि आइसलँडकडून येतो. घरी आणला की दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग शिजवायचा. नवख्याने बाकल्याव आ ब्राश मागवावा. माशाचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा आणि अर्धवट जमलेलं अंडं, वर काळी ऑलिव्ह. बटाटा मात्र दक्षिण अमेरिकेचा. तो, मिरची आणि काजू ज्या पोर्तुगीज जहाजांनी आपल्या किनाऱ्याला आणून सोडले त्याच व्यापाराने या ताटाची घडण केली.

उन्हाळ्यात तारली. जाड मीठ लावून सबंध मासा कोळशावर भाजायचा आणि पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून खायचा, म्हणजे तेल पावात उतरतं. १२ जूनच्या रात्री, सेंट अँथनीच्या सणाला, आल्फामाच्या गल्ल्यांत दारोदारी शेगड्या पेटतात. धुराने वस्ती भरून जाते. मंडप, रंगीत कागदी पताका, मोठ्याने लावलेली गाणी आणि बियर. या रात्री प्रिय माणसाला बारीक पानांच्या सब्जाची कुंडी द्यायची चाल आहे. कुंडीत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. अँथनी हा जगभर इटलीतल्या पादुआचा संत म्हणून ओळखला जातो, पण तो जन्मला लिस्बनला, आणि लिस्बनकर हे कुणालाही विसरू देत नाहीत.

बेकरीच्या काचेमागे पावांच्या शेजारी त्रिकोणी शामुसा दिसेल. तो आपलाच समोसा, गोवा आणि मोझांबिकमार्गे इथवर आलेला. मोरारिया भागात गोवेकरांची खानावळ शोधावी. शाकुती, सोरपोतेल, बेबिंका इथे परक्या पदार्थांत गणले जात नाहीत. गोव्यातून आणि आफ्रिकेतल्या वसाहतींतून आलेल्या गोवेकर कुटुंबांनी लिस्बनच्या सार्वजनिक जीवनात मोठी जागा कमावली आहे. मडगावच्या घराण्यातले लेखक ओर्लांदु द कोश्ता यांनी गोव्याच्या पार्श्वभूमीवर कादंबरी लिहिली, सालाझारच्या हुकूमशाहीला विरोध केल्याबद्दल तुरुंगवास भोगला. त्यांचा मुलगा आंतोनियु कोश्ता आधी लिस्बनचा महापौर झाला आणि २०१५ ते २०२४ देशाचा पंतप्रधान.

शाकाहारी माणसाची थोडी अडचण होते. काल्दु वेर्द हे बटाटा आणि कोबीवर्गीय पाल्याचं सूप उत्तम, पण त्यात सॉसेजची चकती घालतात, तेव्हा आधी विचारावं. एक गोष्ट सगळ्यांसाठी. बसताक्षणी टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवावं, त्याचे पैसे लागत नाहीत.

रोसिऊच्या कोपऱ्यावर

रोसिऊ हा शहराचा जुना चौक. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा जमिनीवर मांडलेल्या आहेत. त्याच्या कोपऱ्यावर, साओं दोमिंगुश चर्चसमोर, १८४० पासून चाललेलं जिंजिन्याचं एक दुकान आहे. बसायला जागा नाही. काउंटरवर नाणी ठेवायची, आंबट चेरीच्या मद्याचा चिमुकला पेला घ्यायचा, 'फळासकट की फळाविना' एवढाच प्रश्न येतो. प्यायचं, बी रस्त्यावर थुंकायची, निघायचं. संध्याकाळी इथे म्हातारेकोतारे आणि पर्यटक खांद्याला खांदा लावून उभे असतात.

याच जागी १५०६ च्या ईस्टरच्या सुमारास ज्यूंची कत्तल सुरू झाली. सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या या माणसांना जमावाने घरांतून ओढून काढलं, दोन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. २००८ मध्ये चौकात त्यांचं स्मारक उभारलं. समोरचं चर्च १९५९ मध्ये आगीत होरपळलं. दुरुस्ती करताना काळवंडलेले, तडकलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत. रोसिऊच्या उत्तरेला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायपीठाचा, वाडा होता. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेलं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालेलं धर्मन्यायपीठ लिस्बनच्या वरिष्ठ मंडळाला बांधलेलं होतं. गोव्यातल्या ज्या घरांनी रातोरात देव उचलून नद्या ओलांडल्या, त्यांच्या भीतीचं वरिष्ठ कार्यालय इथे होतं. जिंजिन्याचा पेला हातात असताना हे ठाऊक असावं.

फादो : दिवे मंद होतात तेव्हा

फादोचा जन्म आल्फामा, मोरारिया या गरीब वस्त्यांतला, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला. आरंभी तो खलाशांच्या, गोदी कामगारांच्या, वेश्यांच्या गुत्त्यांत गायला जाई. मोरारियाची मारिया सेवेरा १८४६ मध्ये सव्विसाव्या वर्षी वारली आणि फादोची पहिली दंतकथा झाली. आजही गायिका खांद्यावर काळी शाल घेतात ती तिच्या स्मृतीने असं मानतात.

साथीला दोन वाद्यं. एक साधी गिटार आणि एक बारा तारांची, नासपतीच्या आकाराची पोर्तुगीज गिटार. जेवण चालू असतं, गप्पा असतात. मग दिवे मंद होतात, कुणीतरी शांततेची हाक देतं आणि काटे-चमचे थांबतात. वाढपीसुद्धा भिंतीला टेकून उभे राहतात. माइक नसतो. गायिका डोळे मिटते, मान किंचित मागे टाकते आणि पहिला सूर सरळ समोरच्या टेबलावर येऊन पडतो. दोन-तीन गाणी झाली की दिवे पुन्हा लागतात आणि जेवण पुढे सुरू होतं. गाणं चालू असताना बोलणं हा इथला मोठा असभ्यपणा. महागड्या फादोगृहांत जेवणासकट बराच खर्च येतो. त्यापेक्षा 'फादो वादियु' शोधावा. तिथे शेजारपाजारची हौशी माणसं, कुणी ड्रायव्हर, कुणी स्वयंपाकीण, आपली पाळी आली की उठून गातात.

फादोला दुःखाचं गाणं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच्यावर सत्तेचाही डोळा होता. १९२७ पासून गायकांना परवाना आणि शब्दांना सेन्सॉरची मंजुरी लागू लागली. हुकूमशाहीने पुढे फादो स्वतःच्या शोभेसाठी वापरला, तरी तो पूर्ण ताब्यात आला नाही. आमालिया रोद्रिगिश या थोर गायिकेने १९६० च्या दशकात गायलेल्या एका फादोला लोकांनी 'पेनीशचा फादो' असं नाव दिलं, आणि त्याच्यावर बंदी आली. पेनीश हा लिस्बनच्या उत्तरेकडचा समुद्रकाठचा किल्ला, राजबंद्यांचा तुरुंग. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना तिथेच डांबलं होतं. आमालिया १९९९ मध्ये वारली तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. २०११ मध्ये फादोचा समावेश युनेस्कोच्या वारसा यादीत झाला.

काशियशची आगगाडी

कायश दु सुद्रे स्टेशनवरून कश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याकडे लोकल सुटते. पर्यटक पोहायला जातात. वाटेत काशियश स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात सांगलीचे मोहन रानडे होते. शिक्षक म्हणून ते गोव्यात गेले, सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ मध्ये पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली. 'सतीचे वाण' या पुस्तकात त्यांनी हे सारं लिहून ठेवलं आहे. लिस्बनला जाण्यापूर्वी मराठी माणसाने वाचावं असं हे पुस्तक आहे.

त्याच काळात पोर्तुगीज माणूसही त्याच कोठड्यांत होता. हुकूमशहा आंतोनियु सालाझारच्या राजवटीत गुप्त पोलिस, सेन्सॉर आणि छळ हे रोजचं होतं. कथीड्रलजवळचा आल्जूब तुरुंग आता संग्रहालय आहे. तिथल्या एका माणसालाही धड वळता येऊ नये अशा कोठड्या पाहिल्या की पुढचं समजतं. २५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर रेडिओवर 'ग्रांदुला, व्हिला मुरेना' हे गाणं लागलं. तो तरुण लष्करी अधिकाऱ्यांचा संकेत होता. पहाटे रणगाडे नदीकाठच्या चौकात आले. घरात राहा असं सांगूनही लोक रस्त्यावर उतरले. सेलेश्त काएरु नावाच्या एका उपाहारगृहातल्या कामगार बाईने हातातली कार्नेशनची फुलं सैनिकांना दिली, त्यांनी ती बंदुकीच्या नळीत खोचली. संध्याकाळी, छप्पर नसलेल्या कार्मोच्या शेजारच्या बराकीत पंतप्रधानाने शरणागती पत्करली. गुप्त पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडून चौघांना मारलं, पण राजवट एका दिवसात पडली. पुढच्या दोन दिवसांत काशियशचे दरवाजे उघडले. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करारावर सही करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

रात्र, आणि रात्रीची किंमत

लिस्बनच्या रात्रीला मोकळेपणा आला तो यानंतर. १९८२ मध्ये बायरू आल्तूत फ्राजिल नावाचा क्लब निघाला आणि चित्रकार, नट, फॅशनवाले, समलिंगी तरुण यांना हक्काची जागा मिळाली. फ्राजिल काढणाऱ्या माणसानेच १९९८ मध्ये नदीकाठी लुक्स हा क्लब काढला. कायश दु सुद्रेतली खलाशांची बदनाम गल्ली २०११ मध्ये गुलाबी रंगाने रंगवली गेली आणि आज ती तरुणांची गल्ली आहे. बी. लेझा या नृत्यगृहात केप व्हर्दची वाद्यं वाजतात, अंगोलाचा किझोंबा नाचला जातो. सोळाव्या शतकात लिस्बनच्या लोकसंख्येत दहातला साधारण एक माणूस गुलाम आफ्रिकन होता. त्याच खंडाचा ताल आज या शहराच्या रात्री चालवतो.

वेळेचं गणित वेगळं आहे. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. तोवर ग्रासा किंवा सेन्योरा दु मोंतच्या टेकडीवर बसावं, नदीवरचा उजेड उतरताना पाहावा. साडेआठ-नऊला जेवण, अकरानंतर बायरू आल्तू, दोननंतर नदीकाठ, आणि क्लब पहाटे सहापर्यंत. बूट चांगल्या पकडीचे हवेत, कारण चुनखडीचे गुळगुळीत फरसबंदी चढ दवाने निसरडे होतात. २८ नंबरच्या ट्रामची मजा सकाळी लवकर घ्यावी. दुपारी तिथे गर्दी आणि खिसेकापू दोन्ही असतात.

मात्र गल्लीच्या वर, पहिल्या मजल्यावर, माणसं झोपतात. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घरं रिकामी होत गेली आणि आल्फामा, मोरारियातल्या जुन्या भाडेकरूंना उपनगरांत जावं लागलं. ज्या शेजाराने फादो घडवला तो शेजारच उठला तर उरेल फक्त कार्यक्रम. म्हणून शक्यतो परवानाधारक हॉटेलात उतरावं, वस्तीतल्या खानावळीत जेवावं, रात्री गल्लीत आवाज आवरावा.

प्रवासाची तारीख आपल्या हातात असेल तर २५ एप्रिल धरून जा. त्या दुपारी लिबर्टी अव्हेन्यूवर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे हातात लाल कार्नेशन घेऊन चालतात, आणि संध्याकाळी चौकाचौकांत गाणं होतं. त्या दिवशी जी राजवट पडली तिनेच पणजीत आणि मडगावात सभा बंद पाडल्या होत्या, मोहन रानड्यांना कोठडीत ठेवलं होतं. पोर्तुगीजांचा तो सण आपणही मान ताठ ठेवून साजरा करू शकतो, कारण त्या राजवटीशी आपली माणसं त्यांच्या आधीपासून झुंजत होती.